खाणीत माती कशी तयार झाली?

केनियातील मोंबासाजवळ बांबुरी येथे सिमेंटसाठी चुनखडक खणला गेला आणि मागे उरली उघडी, तापणारी खाण. वरची मातीच गेल्याने गवतही उगवेना. १९७१ मध्ये कृषितज्ज्ञ रेने हॅलर यांनी तिथे लागवडीचे प्रयोग हाती घेतले. बरीच रोपे मेली. कोकण किनाऱ्यावर दिसणाऱ्या सुरूच्या झाडाने तग धरला. त्याच्या मुळांच्या गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन त्याला मिळवून देतात. पण सुरूचा पाला कुजेना. तेव्हा आपल्याकडच्या वाणी किड्याचे आफ्रिकी भाऊबंद तिथे सोडले. त्यांनी पाला खाल्ला आणि विष्ठेतून कसदार माती घडू लागली. आज तिथे हॅलर पार्क आहे. उद्यानातली खाण बंद करताना नुसती रोपे मोजून भागत नाही; आधी माती जिवंत व्हावी लागते.