थंडीत टिकणारे बहुवर्षायू जिरेनियम : नामसंभ्रम आणि संवर्धन

प्रस्तावना :
'जिरेनियम' म्हटले की महाराष्ट्रातील शेतकऱ्यास सुगंधी तेलाचे पीक आठवते, तर शहरवासीयास कुंडीतील लाल फुलांचे झाड. वनस्पतिशास्त्रानुसार ही दोन्ही पेलार्गोनियम या प्रजातीतील आहेत. खरे जिरेनियम निराळे असून इंग्लंडमधील बागांत ते एकाच जागी वर्षानुवर्षे वाढते. प्रस्तुत लेखात त्याच्या संवर्धनाचे विवेचन केले आहे.

नामसंभ्रम :
लिनीअसने १७५३ मध्ये दोन्ही गट जिरेनियम या एकाच प्रजातीत घातले. फ्रेंच शास्त्रज्ञ लेरितिए याने १७८९ मध्ये पेलार्गोनियम वेगळे काढले. परंतु जुने नाव लोकांच्या तोंडी रुळले ते रुळलेच. हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. पेलार्गोनियमच्या बहुतेक जाती मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या. दहिवर त्यांना सोसत नाही, म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी त्या घरात घ्याव्या लागतात. याउलट खऱ्या जिरेनियमच्या अनेक जातींचा पाला हिवाळ्यात वाळतो, मात्र मूळ जिवंत राहते व वसंतात नवे कोंब फुटतात. हा भेद न जाणणारा मनुष्य पहिले झाड थंडीत गमावतो आणि दुसरे मेले समजून उपटून टाकतो. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन बहुधा निराळ्या दिसतात.

लागवड व निगा :
जागा पाहून जात निवडावी. झाडाखालच्या कोरड्या सावलीत मॅक्रोरायझम ही जात उत्तम. तिच्या दाट पसाऱ्याखाली तण फारसे वाढत नाही. उन्हाच्या जागी सँग्विनियम लावावी. पाण्याचा निचरा मात्र हवाच. पहिला बहर ओसरताच प्राटेन्ससारख्या जातींची झुडपे जमिनीलगत कापून पाणी द्यावे. नवी पालवी येते व पुष्कळदा पुन्हा फुलेही येतात. काही वर्षांनी मध्यभाग विरळ झाल्यास वसंतात किंवा शरदात गड्डा काढून, त्याचे भाग करून पुन्हा लावावेत.

'रोझॅन' या वाणाचा उल्लेख आवश्यक आहे. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील एका घरगुती बागेत आढळलेला हा संकर २००० मध्ये बाजारात आला. हिमालयेन्स आणि वॉलिचियानम या त्याच्या दोन्ही पितृजाती हिमालयातील. तरी भारतीय वाचकास त्याची ओळख इंग्लंडमार्गे व्हावी, हे विलक्षणच. हा वाण बी धरत नाही, त्यामुळे उन्हाळ्यापासून दहिवर पडेपर्यंत फुलत राहतो. त्याची रोपे अर्थातच बियांपासून मिळत नाहीत. ती शाकीय पद्धतीनेच करावी लागतात.