सायखेडा : नदीकाठच्या गावाचा इतिहास

निफाड तालुक्यात गोदावरीच्या दोन तीरांवर सायखेडा व चांदोरी समोरासमोर वसलेली आहेत. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे यांच्यामुळे चांदोरीचे नाव मराठ्यांच्या राजकीय इतिहासात आले. सायखेड्याचा इतिहास मात्र मुख्यतः नदीच्या अनुषंगानेच पाहावा लागतो. १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८६९ मध्ये स्वतंत्र नाशिक जिल्हा झाला; सत्ता बदलली, नदी तीच राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी खालच्या अंगास नांदूरमधमेश्वरचा बंधारा झाला. त्याने कालव्यांना पाणी दिले, पण जलाशयात गाळही साचत गेला. ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मध्ये सायखेड्यात पुराचे पाणी शिरले. तात्पर्य, अशा गावाच्या अभ्यासात दप्तरांइतकेच पूररेषांनाही साधनमूल्य आहे.