तान्ह्या मुलाचे पोषण आणि कार्निटिन

व्यालेल्या गाईचा चीक वासराला वेळेवर मिळावा, याची काळजी प्रत्येक जाणता शेतकरी घेतो. घरातील अर्भकाविषयी तीच दक्षता अधिक आवश्यक आहे. गर्भावस्थेत मुलाला मातेच्या रक्तातून मुख्यत्वे साखर मिळते. जन्मानंतर मात्र त्याची जवळजवळ निम्मी ऊर्जा दुधातील स्निग्धांशातून येते. या स्निग्धांशाचे ज्वलन पेशींच्या आत होते. परंतु त्यातील मोठी मेदाम्ले तेथवर आपोआप पोहोचत नाहीत. शेतात ऊस कितीही उभा असला तरी गाडीवाचून तो गुऱ्हाळापर्यंत जात नाही. ही गाडीची कामगिरी कार्निटिन नावाचे द्रव्य करते. १९०५ साली ते प्रथम मांसाच्या अर्कात आढळले.

प्रौढ माणूस, मग तो शाकाहारी का असेना, हे द्रव्य शरीरातच तयार करतो. अर्भकाची ती शक्ती अपुरी असते. मातेचे दूध ही उणीव भरून काढते. सोयाबीनमध्ये ते जवळजवळ नसते, म्हणून सोयाबीनच्या बालआहारात ते वेगळे मिसळावे लागते.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांत कार्निटिनचा साठा फारच अल्प असतो. अशा मुलांच्या मातेस दूध न आल्यास काय करावे? मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती याच गरजेपोटी. इतर मातांनी दान केलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून, गोठवून ठेवतात व गरजू अर्भकांना देतात.

काही मुलांत दोष दुधाचा नसून आनुवंशिक असतो. कार्निटिन पेशींत शिरत नाही. मूत्रावाटे निघून जाते. मग उपास घडताच किंवा ताप येताच रक्तातील साखर एकाएकी घटते, हृदयाचे स्नायूही दुर्बल होतात. माता व पिता दोघांकडून सदोष अंश आल्यासच हा रोग होतो; अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका धोका असतो. मामेबहीण किंवा भाची यांच्याशी विवाह केल्यास असा योग येण्याचा संभव वाढतो. वेळीच निदान झाल्यास मात्र आयुष्यभर तोंडावाटे कार्निटिन देऊन मूल सुदृढ राखता येते.

यास्तव मूल जन्मताच तासाभरात अंगावर पाजावे. मध किंवा गुळाचे पाणी देऊ नये. मूल दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, तर अंगाऱ्याधुपाऱ्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. घरात पूर्वी एखादे तान्हे मूल अकस्मात दगावले असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्या एका माहितीने दुसरे मूल वाचू शकते.