निकाहाआधी एक रक्ततपासणी करून घ्या

बाळ जन्मलं तेव्हा गुटगुटीत होतं, मग पाच-सहा महिन्यांनी पांढरंफटक का पडलं? घरचे म्हणतात, नजर लागली. थॅलेसेमिया मेजरचं कारण मात्र जनुकात असतं.

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते बनवणारं जनुक जन्मानंतर हळूहळू थंडावतं आणि 11व्या गुणसूत्रावरचं बीटा जनुक कामाला लागतं. तेच बिघडलेलं असेल तर त्रास तेव्हा दिसतो, आणि दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं मागे लागतं.

या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक अम्मीकडून, एक अब्बांकडून. एकच बिघडलेली असेल तर माणूस 'मायनर', म्हणजे एरवी ठणठणीत. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजरचा धोका 25 टक्के. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. आणि एकट्या सुनेला बोल लावणं तर साफ चूक.

चुलत-मामे भावंडांची साधारण आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात, म्हणून नात्यातल्या रिश्त्यात धोका वाढतो. पण हा काही फक्त आपलाच आजार नाही, सिंधी आणि लोहाणा समाजातही बराच आढळतो. इराणने तर 1997 पासून निकाहाआधी तपासणी सक्तीची केली.

कोल्हापुरात सीपीआरला जा की खासगी डॉक्टरांकडे, 'एचबीए-टू' तपासणीबद्दल विचारा. निकाह आधीच झाला असेल आणि दोघंही मायनर निघालात, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पोटातल्या बाळाची तपासणी करता येते.