कूडियाट्टम् व त्याच्या प्रयोगपोथ्या

महामहोपाध्याय टी. गणपतिशास्त्री यांनीं १९१२ पासून त्रिवेंद्रम् येथें तेरा संस्कृत नाटकें प्रसिद्ध करून तीं भासाचीं होत असें प्रतिपादन केलें. त्या मतावर पुष्कळ वाद झाला. परंतु हीं नाटकें ज्या केरळांत तालपत्रांवर टिकलीं, तेथें त्यांपैकीं कित्येकांचे अंक रंगभूमीवरहि जिवंत होते. ती रंगभूमि म्हणजे कूडियाट्टम्. संग्राहकांनीं तिच्या रूढि जाणून घेणें अवश्य आहे.

कूडियाट्टम् याचा अर्थ एकत्र अभिनय. चाक्यार पुरुषभूमिका करतात, नंग्यार स्त्रिया स्त्रीभूमिका करतात, आणि नंब्यार मिळावु नांवाचें घटाकार वाद्य वाजवितात. त्रिचूरचें वडक्कुन्नाथ व इरिंजालकुडाचें कूडल्माणिक्यम् या देवालयांत या प्रयोगांसाठीं बांधलेलीं नाट्यगृहें आहेत; त्यांस कूत्तंबलम् म्हणतात. रंगमंचावरील मोठ्या दीपाच्या तीन वातींपैकीं दोन नटाकडे व एक प्रेक्षकांकडे असते.

येथें संपूर्ण नाटक सलग होत नाहीं. सामान्यतः एकच अंक हा स्वतंत्र प्रयोग असतो व त्यास स्वतंत्र नांव असतें. ‘प्रतिज्ञायौगंधरायणा’चा तिसरा अंक तो मंत्रांक, शक्तिभद्राच्या ‘आश्चर्यचूडामणी’चा सहावा तो अंगुलीयांक. पात्र प्रथम प्रवेश करून आपलें पूर्ववृत्त एकटेंच अभिनयानें सांगतें. यास निर्वहण म्हणतात. तें अनेक रात्री चालतें. सर्व पात्रें एकत्र येतात तीं शेवटीं. श्लोक स्वरांत म्हणून त्यांतील पदांचा अर्थ हस्तमुद्रांनीं विस्तारावयाचा, आणि विदूषकानें मात्र मलयाळम् भाषेंत बोलून नायकाच्या श्लोकांचीं विडंबनें करावयाचीं, अशी रीति आहे. संपूर्ण मंत्रांकास एकेचाळीस दिवस लागतात.

यांतील बहुतेक भाग नाटकाच्या पोथींत सांपडत नाहीं. तो क्रमदीपिका व आट्टप्रकार या प्रयोगग्रंथांत आहे. पहिल्यांत वेष, क्रम व रंगव्यवस्था. दुसऱ्यांत पदोपदींच्या अभिनयाचा विस्तार. कुलशेखर राजाच्या ‘तपतीसंवरण’ व ‘सुभद्राधनंजय’ या नाटकांवरील व्यंग्यव्याख्याहि अभिनयदृष्टीनें लिहिलेली आहे. उलट ‘नटांकुश’ ग्रंथाचा कर्ता चाक्यारांनीं भरतमत सोडल्याबद्दल त्यांस दोष देतो. पण दोष देतांना त्यानें तत्कालीन रूढींचें वर्णन केलें, म्हणून विरोधकाचीच साक्ष आज उपयोगी पडते.

यावरून एक सावधगिरी निघते. केरळांतील एकाच अंकाची पोथी हातीं आल्यास ती त्रुटितच असें समजूं नये. ती नटाची संपूर्ण प्रतहि असूं शकेल. त्याचप्रमाणें कर्त्याचें नांव नसलेली मलयाळम् पोथी किरकोळ टीका म्हणून बाजूस सारूं नये.

१९४९ मध्यें पैंकुळम् राम चाक्यार यांनीं हा प्रयोग देवालयाबाहेर नेला, १९६५ मध्यें केरळ कलामंडलांत त्याचें शिक्षण सुरू झालें आणि २००१ मध्यें युनेस्कोनें त्याचा गौरव केला. नाट्य यामुळें तगलें. तथापि एखादी प्रयोगपोथी कसरीनें खाल्ली, तर तिच्यांतील अभिनय छापील नाटकावरून पुन्हां उभा करतां येणार नाहीं.