तुरट घोट

बीड जिल्ह्यात 'हिरवा चहा' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धुक्याने वेढलेले जपानी मळे उभे राहत नाहीत. उभे राहते ते घरामागच्या परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेले, पात्याची कड बोटावरून उलटी फिरली तर रक्त काढील अशा धारेचे एक गवताचे बेट. ह्या गवताला कोणी गवती चहा म्हणतात, कोणी पातीचा चहा, कोणी ओला चहा, आणि कित्येक घरांतून तो सरळ हिरवा चहाच असतो. श्रावणातल्या सर्दीला, परगावाहून भिजत आलेल्या पाहुण्याला किंवा नुसत्याच कुंद हवेला उतारा म्हणून त्याची दोन पाती गाठ मारून आधणात सोडली की लिंबाच्या सालीसारखा जो दरवळ सुटतो, तो त्यातील सिट्रल नावाच्या द्रव्याचा. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी ह्या गवताची नोंद चहाच्या कुळात नाही. ज्वारी आणि ऊस हे त्याचे सगोत्र. म्हणजे बालाघाटाच्या पठारावरील माणसाची भाकरी आणि दिवाळीच्या सुमारास गाव सोडून तो जिच्यासाठी जातो ती ऊसतोडीची मजुरी, ह्या दोहोंचा हा भाऊबंद त्याच्या पातेल्यातही येऊन बसलेला आहे. चहातले उत्तेजक कॅफीन त्यात औषधालाही नाही.

नावाच्या ह्या सरमिसळीची गंमत मला अंबाजोगाईस एका परिचितांच्या घरी अनुभवास आली. मुलाने पुण्याहून 'ग्रीन टी'चा पुडा आईस पाठविला होता, त्यावर वजन, हृदय, त्वचा, मेंदू अशा साऱ्या अवयवांच्या कल्याणाची हमी छापलेली होती, आणि माउलीने आलेल्या पाहुण्यास उत्तमातले उत्तम द्यावे ह्या सद्भावनेने ती पत्ती दूध, साखर, आले व परसातली पात ह्यांच्यासह दहा मिनिटे खळखळून उकळली. पेल्यात आले ते करड्या-हिरवट रंगाचे, कडवट आणि त्याच वेळी गुळमट असे काहीतरी. माझ्या मुद्रेवरचा भाव तिने अचूक टिपला आणि निवाडा दिला, "गुरुजी, ह्यापरीस आपली पात बरी बगा." त्या प्रसंगापुरता तो निवाडा सर्वस्वी रास्त होता. मात्र ज्याची चौकशी झाली तो आरोपी वेगळाच होता, असे मला पुढे पुष्कळ दिवसांनी उमगले.

वास्तविक हिरवा चहा व आपला नित्याचा काळा चहा ही एकाच झुडपाची पाने. पान खुडून ते मळले आणि हवेत राहू दिले म्हणजे त्याच्या पेशींतील एक किण्वद्रव्य हवेतील प्राणवायूच्या साह्याने आपला उद्योग आरंभते व पान तांबूस, मग काळपट होते. कापून ठेवलेले सफरचंद वा वांगे जसे काळे पडते, तसाच हा व्यापार. हिरव्या चहात पान खुडल्याबरोबर, जपानी रीतीने वाफेवर किंवा चिनी रीतीने तापलेल्या कढईत, शेकून हे किण्वद्रव्य मारून टाकतात, आणि त्यामुळे पानाचा रंग आणि त्यातील कॅटेचिन नावाची द्रव्ये बरीचशी मूळ स्वरूपात राहतात. आपल्या देशात हिमाचलातील कांगडा हे ह्या चहाचे जुने ठाणे. तेथला हिरवा चहा अमृतसरच्या पेढ्यांमार्फत काबूलपर्यंत जात असे. 1905 च्या भूकंपाने तेथील मळ्यांची व कारखान्यांची जी धूळधाण केली तीतून तो धंदा पूर्वपदावर असा कधी आलाच नाही.

आता रुचीचा प्रश्न. ग्रीन टी 'लागत नाही' अशी जी सार्वत्रिक तक्रार ऐकू येते तिचे मूळ, माझ्या मते, त्या पेयाच्या तुरटपणात आहे. आयुर्वेदाने मानलेल्या सहा रसांपैकी गोड, आंबट, खारट आणि तिखट ह्यांना आपल्या रोजच्या ताटात मानाचे पाट आहेत, कडूला कारले व मेथी ह्यांच्या रूपाने एक कोपरा आहे, पण कषाय म्हणजे तुरट रसाला जेवणाच्या पंक्तीत सहसा कोणी बोलावीत नाही. तथापि बीडच्या जिभेला तो अनोळखी आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. आवळा, जांभूळ, हिरडा, डाळिंबाची साल आणि जेवणानंतरच्या विड्यातला कात हे सगळे तुरटच. ह्या साऱ्यांतील द्रव्ये लाळेतील प्रथिनांना धरून बसतात आणि जिभेवरचा ओशटपणा ओढून घेतल्यासारखे वाटते. बाभळीची किंवा तरवडाची साल घालून चामडे कमावतात त्यामागचे रसायनही ह्याच जातीचे. मौजेची गोष्ट अशी की, हिरव्या चहाच्या ज्या कॅटेचिनचा एवढा गवगवा चालतो, त्याला ते नाव मिळाले आहे ते 'कॅटेच्यू'वरून, म्हणजे खैराच्या लाकडापासून काढलेल्या काताच्या युरोपीय नावावरून. पानपट्टीवर उभा राहून ग्रीन टीच्या नावाने नाक मुरडणाऱ्या गृहस्थाने ओठांवरच्या लाल रंगाकडे आरशात एकदा पाहावे. (सुपारी आणि तंबाखू ह्यांची तरफदारी मी करीत नाही, त्यांचा कर्करोगाशी असलेला संबंध आता निर्विवाद आहे.)

शिवाय, ज्या दुधाळ, गोड, लालसर चहाला आपण आज आपला परंपरागत चहा म्हणतो त्याची परंपरा तरी किती जुनी? 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापानाचा एक समारंभ झाला, त्यातून टिळक-रानड्यांसारख्या मातबर मंडळींवर ग्रामण्य उठले आणि प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारी रुजू झाले. त्यात वाद मिशनऱ्याच्या हातचे घेण्याचा होता, हे खरे. पण चहाचा पेला अजून घरचा झालेला नव्हता, एवढे त्यावरून दिसते. पुढे 1903 च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर कर बसला, त्या पैशातून चहाच्या प्रसाराची मोहीम उभी राहिली व कालांतराने ती खुद्द हिंदुस्थानातील गावांपर्यंत पोहोचली. 1930 नंतरच्या दशकांत आसामात पाने चिरडून, फाडून, वळवून त्यांचे बारीक दाणे करणारी यंत्रे आली, ज्या दाण्यांतून कडक अर्क झटकन उतरतो, दुधाला दाबतो आणि चिमटीभर पत्तीत घरभराचा चहा होतो. ही रुची आपणांस शिकविली गेली आहे. शिकविलेल्या जिभेला आणखी एक धडा जड जाऊ नये.

त्या धड्याचे पहिले पाठ पाण्याचे. बीड शहराजवळची निजामशाहीच्या काळातील खजाना विहीर दुष्काळातही तग धरते म्हणून तिचे कौतुक होते, परंतु घरोघरी येते ते बहुधा बोअरचे जड पाणी. खडकातून झिरपताना त्यात विरघळलेले चुन्याचे क्षार चहातील द्रव्यांशी संयोग पावतात, वर तवंग धरतो, रंग मळतो, वास मंदावतो. दूधसाखरेच्या आड हा दोष झाकून जातो. हिरव्या चहात झाकायला काहीच नसते. म्हणून गाळलेले हलके पाणी घ्यावे. दुसरी बाब उष्णतेची. पाण्याला खळखळून उकळी आली की पातेले उतरवून झाकण न ठेवता चार-पाच मिनिटे थांबावे, म्हणजे ते 80 अंशांच्या आसपास येते. पेलाभर पाण्याला चमचाभर पत्ती टाकून दोन, फार तर तीन मिनिटांनी गाळून घ्यावे. कॅटेचिन उकळत्या पाण्यात भराभर उतरतात आणि कडवटपणा आणतात, तर थिअनिन नावाचे जे अमिनो आम्ल ह्या चहाला मुगाच्या कढणासारखी एक सौम्य, भरीव चव देते, ते कोमट पाण्यातही सुखाने उतरते. हे थिअनिन 1949 साली जपानात हिरव्या चहाच्याच पानांत प्रथम सापडले. अंबाजोगाईच्या त्या पातेल्यात नेमके काय बिघडले होते, हे वाचकांच्या आता ध्यानी आले असेल.

आरोग्याच्या बाबतीत मात्र पुड्यावरील जाहीरनाम्यापेक्षा जरा जपून बोलणे इष्ट. चहाच्या औषधी गुणांची स्तुती नवी नाही. एइसाई नावाच्या जपानी भिक्षूने 1211 साली ह्याच विषयावर ग्रंथ लिहिला. रसायनशास्त्राने त्यात लक्ष घातले ते बऱ्याच उशिरा, आणि तेव्हा मिचियो त्सुजिमुरा ह्या विदुषीने 1924 साली हिरव्या चहात क जीवनसत्त्व असल्याचे दाखविले, 1929 साली कॅटेचिन वेगळे काढले व 1932 साली जपानातील कृषिविद्येची पहिली स्त्री डॉक्टर होण्याचा मान मिळविला. त्यानंतरच्या पाहण्यांत मला सर्वांत वजनदार वाटते ती जपानच्या मियागी प्रांतातील ओसाकी भागात 1994 पासून चाललेली. 40,530 प्रौढ स्त्रीपुरुषांची 11 वर्षेपर्यंत माहिती ठेवल्यावर 2006 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात दिवसास पाच अथवा अधिक पेले हिरवा चहा घेणाऱ्यांत, एकाहून कमी पेला घेणाऱ्यांच्या मानाने, मृत्यूचे प्रमाण पुरुषांत 12 टक्क्यांनी व स्त्रियांत 23 टक्क्यांनी कमी आढळले, आणि हा फरक मुख्यतः हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांत दिसला. कर्करोगाच्या मृत्यूंत तो दिसला नाही. शिवाय ही पाहणी होती, प्रयोग नव्हता. पाच पेले हिरवा चहा पिणारा माणूस इतर गोष्टींतही नेमस्त असू शकतो. वजनाबद्दल तर 2012 साली निरनिराळ्या प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तीत उतरलेले वजन इतके अल्प निघाले की त्याला वैद्यकीय महत्त्व देता येईना. पुड्यावरची सडपातळ बाई ह्या छाननीस बहुधा हजर नव्हती.

मग लाभ कोठे आहे? माझे उत्तर असे की, ह्या पेयात जे असते त्याइतकाच, कदाचित त्याहून अधिक लाभ, जे नसते त्यात आहे. तालुक्याच्या कचेरीत बसणारा कारकून घरचे दोन, टेबलावरचे दोन आणि कोणी काम घेऊन आलेल्याच्या आग्रहाचा एक असे पाच चहा सहज घेतो. प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम साखर धरली तर दिवसाची 50 ग्रॅम आणि महिन्याची दीड किलो होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली घातलेली वरची मर्यादा प्रौढ माणसाला साधारण एवढीच पडते, आणि शक्य तर तिच्या निम्म्यावर यावे अशी तिची शिफारस आहे. म्हणजे ह्या गृहस्थाचा जिलबीचा, श्रीखंडाचा आणि सणावारच्या पुरणपोळीचा हिस्सा चहानेच आधी वसूल करून ठेवला. ह्यांतील तीन पेले बिनसाखरेचे झाले तर कॅटेचिनने काही केले वा न केले, रक्तातील साखरेचा हिशेब बदलतो. पण त्याच हिरव्या चहात मध ओतून तो पिणे ही निव्वळ आत्मवंचना. शरीराच्या लेखी मध ही साखरच.

एका बाबतीत मात्र हिरवा आणि काळा दोन्ही चहा सारखेच दोषी आहेत, आणि बीडमध्ये त्याचा उच्चार केल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. चहातील तुरट द्रव्ये भाकरी, डाळ आणि पालेभाजी ह्यांतील लोह धरून ठेवतात व ते रक्तात उतरू देत नाहीत. राज्यातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळतो, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने नोंदविले आहे. आणि कारखान्याच्या फडाशेजारी कोपीत राहणारी, पहाटे अंधारात उठून नवऱ्याबरोबर कोयता चालविणारी, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी बाई जेव्हा चहात भाकरी बुडवून तेवढ्यावरच निघते, तेव्हा भाकरीतले तुटपुंजे लोहही चहा अडवून धरतो. चहा आणि जेवण ह्यांत तासाभराचे अंतर असावे, हा साधा नियम तिला कोणी सांगितला तर तो पाळण्याइतकी उसंत मुकादमाच्या उचलीखाली दबलेल्या तिच्या दिवसात असते का, हा चहाच्या कक्षेबाहेरचा प्रश्न आहे; पण ज्यांच्या दिवसात ती उसंत आहे त्यांनी तरी, आणि विशेषतः गर्भवतींनी, जेवणाला लागून ग्रीन टी घेऊ नये. जेवताना ताटात लिंबाची फोड असली तर तेच लोह अधिक सुलभतेने शोषले जाते. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी संध्याकाळनंतर तो वर्ज्य करावा. पेल्याला साधारण 30 मिलिग्रॅम कॅफीन असते, कॉफीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, परंतु असते. आणि हिरव्या चहाच्या अर्काच्या ज्या गोळ्या विकतात त्यांच्या वाटेस डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणी जाऊ नये. त्या अर्कातील मुख्य कॅटेचिन दिवसाला 800 मिलिग्रॅम वा त्याहून अधिक पोटात गेल्यास यकृतास अपाय झाल्याची चिन्हे दिसू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 साली बजावले आहे. पेल्यातला चहा आणि गोळीतला अर्क ह्यांत, अंगणातला पाऊस आणि धरणफुटी ह्यांत असावे तेवढे अंतर आहे.

वैशाखात, पठारावरचा वारा भट्टीतून आल्यासारखा लागतो तेव्हा, ऊन पेय नकोसे होते. तेव्हा रात्री माठातल्या गार पाण्याच्या तांब्यात दोन चमचे पत्ती टाकून झाकून ठेवावी आणि सकाळी गाळून घ्यावी. थंड पाण्यात कडवटपणा व कॅफीन कमी उतरतात, थिअनिनची चव तेवढी पुढे येते, आणि पेला कसा शुचिर्भूत लागतो.

ह्या उन्हाळ्यात मी पुन्हा अंबाजोगाईस त्याच घरी गेलो, तेव्हा हा प्रकार माउलीस सांगून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पितळी पेल्यात फिकट पोपटी रंगाचे पाणी माझ्यापुढे आले. तिने आपल्या बुद्धीने त्यात परसातली एक पात रात्रीच सोडून ठेवली होती, आणि दोन्ही हिरवे चहा त्या पेल्यात विनातक्रार नांदत होते. "साखर न्हाई घातली बरं का," ती म्हणाली, "लागतंय का चांगलं?" मी रिकामा पेला पुन्हा पुढे केला. तिने तो भरून दिला, आणि आत जाऊन स्वतःसाठी दुधाचे आधण ठेवले.