उभ्या इंजिनाचा प्रवास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली, तेव्हा तिने सुमारे ३४ किलोमीटर अंतर तोडले होते. पुढील वर्षीच्या मे महिन्यात हा लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. ठाण्याहून डोंबिवलीवरून कल्याण हे अंतर सुमारे २० किलोमीटर भरते. मुरबाड, शहापूर वा कल्याण तालुक्यात विहिरीवर किंवा नदीकाठी बसविलेले ऑइल इंजिन जागचे न हलता दर तासाला एवढीच मजल मारते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

हिशेब साधा आहे. पाच अश्वशक्तीचे एक प्रचलित इंजिन मिनिटास १,५०० फेरे करते व त्याच्या दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर असते. एका फेऱ्यात दट्ट्या एकदा वर व एकदा खाली, असा २२० मिलिमीटर सरकतो. तासाचे फेरे ९०,०००. म्हणजे सिलिंडरच्या भिंतीशी त्याची घसट १९.८ किलोमीटर झाली. उन्हाळी भेंडीसाठी असे इंजिन रोज चार तास, १०० दिवस चालले, तर एका हंगामात सुमारे ८,००० किलोमीटर होतात. पाच हंगामांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होते.

तेव्हा ‘इंजिन पाच वर्षांचे आहे’ या सांगण्यास फारसा अर्थ नाही. मोटारीचे वय किलोमीटरांत, तसे ट्रॅक्टरचे व पंपाच्या इंजिनाचे वय तासांत मोजावे. ट्रॅक्टरवर तासमीटर असतो. पंपाच्या इंजिनावर तो बहुधा नसतो. तेथे विहिरीच्या खोलीत टांगलेली साधी वही पुरते. तीत रोजचे तास, वंगण बदलल्याची तारीख व घातलेले डिझेल एवढेच लिहावे.

नीट जपलेले यंत्र किती धावते, याचे नामांकित उदाहरण अमेरिकेचे आहे. आयर्व्ह गॉर्डन या शिक्षकाने १९६६ साली घेतलेल्या व्होल्व्हो मोटारीने २०१३ मध्ये ३० लाख मैल पुरे केले. एवढ्या मजलेत तिचे इंजिन खोलून दुरुस्त करावे लागलेच. परंतु निर्मात्याच्या पुस्तिकेतील वेळापत्रक त्यांनी कधी चुकविले नाही. आपल्याकडे ती पुस्तिका खोक्याबरोबरच अडगळीत जाते.

इंजिनाचा खरा शत्रू धूळ होय. भातझोडणीच्या जागी किंवा मे महिन्यातील कच्च्या रस्त्यालगत हवेची गाळणी फार लवकर भरते. गाळणी फाटकी असेल तर आत गेलेली माती वंगणात मिसळून सहाणेसारखी काम करते, आणि दट्ट्याचा प्रत्येक किलोमीटर त्या सहाणेवरून होतो. तेलाच्या भांड्याची गाळणी असल्यास भांड्यातील गाळ काढून तेल खुणेपर्यंत भरावे. धुळीच्या दिवसांत पुस्तिकेतील मुदतीची वाट पाहू नये.

दुसरा दोष काळजीपोटी घडतो. पंपाचे थंड पाणी थेट व भरपूर इंजिनातून खेळविले, म्हणजे ते सुरक्षित राहते, असा समज आहे. प्रत्यक्षात फार थंड राहिलेल्या इंजिनात डिझेल नीट जळत नाही, आम्ल धरते आणि सिलिंडर लवकर झिजतो. बाहेर पडणारे पाणी सुमारे ६० अंश सेल्सियस, म्हणजे हाताला फार वेळ न सोसेल इतके गरम असावे. त्या बेताने पाण्याची तोटी कमी करावी.

जुने इंजिन विकत घेताना ही माहिती विशेष उपयोगी पडते. नवा रंग पाहून फसू नये. ग्रामसेवक वा कृषी सहायकाने शेतकऱ्याबरोबर जाऊन इंजिन थंड असताना हॅन्डल फिरवून पाहावे. दाब धरताना हाताला चांगला अडथळा जाणवला पाहिजे. नंतर ते सुरू करून भारावर अर्धा तास चालवावे. निळसर धूर सतत येत असेल तर वंगण जळत आहे, म्हणजे बहुधा रिंगा व सिलिंडर झिजले आहेत. काळा धूर भार जास्त असल्याने, गाळणी तुंबल्याने किंवा इंजेक्टर बिघडल्यानेही येतो, व त्याचा खर्च पुष्कळदा थोडा असतो. निळ्या धुराच्या इंजिनाचा सौदा करावयाचाच असल्यास नवी स्लीव्ह, दट्ट्या, रिंगा व मजुरी यांचा भाव आधी विचारून तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी.